कार्टूनपट आणि आपण

(शताब्दी व्याख्यानमालेत खडोली येथे दिलेले भाषण, संक्षिप्त)



कार्टून म्हटले की आपणास मिकी माऊस आठवतो. हा उंदीर 1928 साली 'स्टीमबोट विली'मधून बोलत्या पडद्यावर आला. परंतु त्याच्या 13 वर्षे आधी, 1915 मध्ये, दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात निर्जीव काड्यांना नाचविले होते. कृती ऐकावयास सोपी: काडी किंचित सरकवावी, एक चौकट टिपावी, पुन्हा सरकवावी. करावयास मात्र ती अपार चिकाटीची. तीच चिकाटी त्यांनी त्याआधी 'अंकुराची वाढ' टिपताना दाखविली होती. तो लहानसा तुकडा पाहिल्यावरच 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली.

पुढे 1930 च्या दशकात प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा कार्टूनपट काढला. 1956 च्या सुमारास डिस्नेकडील क्लेअर वीक्स मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. राम मोहन यांच्यासारखी मंडळी त्यांच्या हाताखाली शिकली आणि 1957 मध्ये 'द बनियन डिअर' ही जातककथा पडद्यावर आली. 1974 चा 'एक अनेक और एकता' तर दूरदर्शनमुळे घरोघरी पोचला. दिग्दर्शिका विजया मुळे, संगीतकार वसंत देसाई आणि गायिका, त्या वेळी बालवयात असलेल्या, साधना सरगम, तिघेही मराठी. चित्ररचना भीमसेन यांची. मुलांना गाणे पाठ झाले. ते घडविणाऱ्यांची नावे मात्र फारशी कुणाच्या ध्यानी राहिली नाहीत.

याहून मोठी हानी चित्रपटांची झाली. जुन्या नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत. 'आगकाड्यांची मौज' आज आपणास पाहावयास मिळत नाही. पण आपल्या व्यवसायाची जी हकीकत फाळक्यांनी 1917-18 च्या सुमारास 'नवयुग' मासिकात लिहिली, ती छापली गेली म्हणून आजही वाचता येते. चित्रपट गेला, मासिक राहिले. ग्रंथालयाच्या शताब्दीस याहून समर्पक दाखला मला सापडत नाही.

आपल्या हवेलीतील वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली माणसे तारप्याभोवती फेर धरतात. स्थिर रेषेत गती साठविण्याची विद्या या मातीस परकी नाही. तेव्हा कार्यकर्त्यांस माझी एवढीच विनंती आहे, की जुनी मासिके आणि चित्रपटगृहांत पूर्वी विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका रद्दीत घालू नयेत. त्यांची यादी करून त्या बांधून ठेवाव्यात. त्यांतील श्रेयनामावलीतच या कलावंतांचा इतिहास आहे.