जगाच्या परिषदेतून आपल्या दारापर्यंत

(जोडप्यांच्या मेळाव्यात आरोग्यसेविकेनं केलेलं भाषण)



आज तुम्ही शेतातली कामं बाजूला ठेवून नवरा-बायको जोडीनं इथं आलात, याचा आनंद वाटतो. मागे कडेला उभ्या असलेल्या पुरुषमंडळींनी जरा पुढे येऊन बसावं. आजचं बोलणं तुमच्यासाठीही आहे. सासूबाई मंडळी आली आहेत हे तर फारच बरं झालं.

आम्ही आरोग्यसेविका तुम्हाला सांगतो, अंगणवाडीताई सांगतात, आशाताई सांगतात. गरोदरपणात गोळ्या घ्या. बाळाला सहा महिने अंगावरच पाजा, वरचं पाणीसुद्धा नको. दोन मुलांत अंतर ठेवा. ऐकताना तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, की हे ठरवतं तरी कोण? लांब कुठंतरी शहाण्या माणसांनी बसून ठरवायचं आणि आम्ही मुकाट्यानं ऐकायचं, असंच ना? प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते.

परिषद म्हणजे काय?

परिचारिका, आहारशास्त्र जाणणारे आणि सार्वजनिक आरोग्याचं काम करणारे लोक दरवर्षी जगात ठिकठिकाणी एकत्र जमतात. देशोदेशीची माणसं येतात. अशा सभेला परिषद म्हणतात. आपल्याकडं बाजाराच्या दिवशी चार शेतकरी भेटले की एकमेकांना विचारतात, कोणतं बी पेरलंस, एकरी उतारा किती पडला, कीड आली का? तिथंही तसंच चालतं. एक जण सांगतो, आमच्याकडं इतक्या गावांत आम्ही असं असं केलं. आधी इतकी मुलं दगावत होती, नंतर इतकीच दगावली. लगेच दुसरा विचारतो, मोजलंत कसं? शेजारच्या गावांत काही न करताच मुलं वाचली असली तर? असा कस लागतो. कसाला उतरेल ते पुढं जातं आणि मग त्यावरून देशोदेशीची सरकारं आपले कार्यक्रम ठरवतात.

आता कुणी म्हणेल, शुश्रूषा, आहार आणि आरोग्य या तीन गोष्टी एकाच मांडवात कशाला? तर बाईचं शरीर एकच असतं म्हणून. गरोदर बाई पोटभर जेवली नाही तर अंगात रक्त कमी पडतं. रक्त कमी असताना बाळंतपणात जास्त अंगावर गेलं तर जिवावर बेततं. बाळ कमी वजनाचं निपजतं, त्याला ऊब धरवत नाही, ओढून दूध पिववत नाही. अशा वेळी जवळ जाणतं माणूस नसलं, की जे टळलं असतं ते होऊन बसतं. यातला एकच धागा धरून गाठ सुटत नाही.

मुक्ताबाई अमेरिकेत काय बोलल्या?

१९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन इथं आंतरराष्ट्रीय आरोग्याची अशीच एक परिषद भरली होती. मोठमोठे डॉक्टर आणि अधिकारी समोर बसलेले. तिथं बोलायला उभ्या राहिल्या मुक्ताबाई पोळ, आपल्या नगर जिल्ह्यातल्या जामखेड प्रकल्पाच्या एक गाव आरोग्यसेविका.

मुक्ताबाईंनी त्या दिवाणखान्यातल्या झगमगत्या झुंबरांचा दाखला दिला. झुंबरं देखणी खरी, पण महाग. आणि ती पाहायची तर हजारो मैल यावं लागतं. डॉक्टरलोक तसेच, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या पिशवीतून वातीचे साधे दिवे काढले. दिवा स्वस्त असतो, साधा असतो, पण एका दिव्यानं दुसरा लावता येतो. आपण त्या दिव्यासारख्या आहोत, आणि असे दिव्यानं दिवे लागत गेले तर सगळ्या पृथ्वीवर उजेड होईल, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता.

बायांनो, खेड्यातल्या एका बाईनं जगातल्या विद्वानांना हे सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. आपल्याला वाटतं ज्ञान वरून खाली येतं. पण पुष्कळदा ते आपल्या ओट्यावरून वर जातं.

जामखेड आणि गडचिरोली

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. नवरा-बायको दोघंही डॉक्टर. तो दुष्काळाचा काळ. गावकऱ्यांनी औषधाच्या आधी अन्न आणि पाणी मागितलं. आरोळ्यांनी ते मानलं. लहान मुलांसाठी जेवण रांधायची सोय झाली, पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या गेल्या. पुढं प्रत्येक गावानं आपल्यातली एक बाई निवडून दिली. यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्या जामखेडला जाऊन शिकायच्या आणि गावात येऊन शिकवायच्या. मुलांची वजनं घेणं, गरोदर बाईला तपासणं, स्वच्छ हातांनी बाळंतपण करणं, दोन मुलांतल्या अंतराविषयी समजावून सांगणं, हे सगळं त्या करू लागल्या. पुरुषांची शेतकरी मंडळं निघाली, बायकांची महिला मंडळं निघाली.

१९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. पंचवीसेक वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. विशेष म्हणजे, मुलं जगू लागली तशी जोडपी आपणहून पाळणा लांबवू लागली. पूर्वी आईबाप म्हणायचे, चार झाली तर दोन हाताशी राहतील. जी होतील ती जगतील असा भरवसा आला, तेव्हा तो हिशेब बदलला.

१९७८ च्या सप्टेंबरात त्या वेळच्या सोव्हिएत देशातल्या अल्मा-आता शहरात प्राथमिक आरोग्यसेवेची मोठी जागतिक परिषद झाली. आरोग्यसेवा गावापर्यंत, घरापर्यंत गेली पाहिजे आणि तिच्या आखणीत लोकांचा वाटा असला पाहिजे, असं तिथं जाहीर झालं. जामखेडसारख्या कामांची माहिती त्याआधीच जगापुढं गेलेली होती.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुदोष वेळेत ओळखून उपचार करणं त्या शिकल्या. ही सोय नसलेल्या ४७ गावांशी ताडून पाहिलं, तेव्हा पहिल्या महिन्यातले बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. १९९९ साली हे इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून सरकारनं हा कार्यक्रम देशभर आशाताईंच्या हाती दिला. दवाखान्यात बाळंत होऊन तुम्ही घरी आलात की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात येते, ती यामुळं. तिला दारातून परत लावू नका. बाळ तिला उघडून दाखवा. दृष्ट लागेल म्हणून झाकून ठेवू नका.

सांगणं बदलतं कसं?

काही म्हाताऱ्या मला म्हणतात, “बाई, तुमचं एक काही ठरत नाही. आमच्या वेळेला चौथ्या महिन्यापासून भरवा म्हणायच्या, आता सहा म्हणता.” आजीबाईंचं खरं आहे. पूर्वी चार ते सहा महिने असंच सांगत. देशोदेशीचे अनुभव तपासून पाहिले तेव्हा कळलं, की सहा महिने निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला हगवण कमी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची सभा दरवर्षी जिनिव्हाला भरते. २००१ सालच्या सभेत पूर्ण सहा महिन्यांचा ठराव झाला. घड्याळ चुकत असेल तर आपण ते नीट लावून घेतो. त्यात घड्याळाचा अपमान नाही.

अंतराचंही तसंच. २००५ साली जिनिव्हात जाणकार बसले आणि त्यांनी सांगितलं, की एक बाळ झाल्यावर निदान २४ महिने पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. आता बोटावर मोजा. २४ महिने थांबल्यावर दिवस गेले, पुढे नऊ महिने पोटात. झाले ३३ महिने. म्हणजे दोन बाळंतपणांत जवळपास तीन वर्षं. “तीन वर्षांचं अंतर” म्हणतो ते इथून आलं. गर्भ पडला असेल तर निदान सहा महिने थांबावं.

हे अंतर कशासाठी? बाळंतपणात आणि पाजण्यात आईच्या अंगातलं जे सरतं ते भरून यायला वेळ लागतो. एक पीक काढून लगेच दुसरं, मग तिसरं घेतलं आणि खत टाकलंच नाही, तर रान काय देईल? आपण रानाला विश्रांती देतो. घरच्या लक्ष्मीला का देऊ नये? शिवाय मांडीवरच्या बाळाचं दूध लवकर तुटतं, त्याची आबाळ होते ती वेगळीच.

हजार दिवसांचा हिशेब

आहाराचे जाणकार हजार दिवसांचा हिशेब सांगतात. पोटातले २७० दिवस आणि बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतचे ७३० दिवस. बाळाची वाढ, उंची आणि मेंदू यांचा पाया याच दिवसांत पडतो. पाया कच्चा राहिला तर नंतर भरून काढणं फार कठीण. या हजार दिवसांत घरानं काय करावं?

पहिलं, गरोदर बाईनं जास्त खावं. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल, ही समजूत सोडा. भाकरीबरोबर मटकी, हुलगे किंवा डाळ, शेवग्याचा पाला नाहीतर मेथी, मूठभर शेंगदाणे, खात असाल तर अंडं. त्यावर लिंबू पिळा. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज, आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८० दिवस. गोळी चहाबरोबर घेऊ नका. शी काळी होते, तिला भिऊ नका.

दुसरं, बाळंत झाल्यावर तासाभरात बाळ अंगाला लावा. पहिलं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, पिळून टाकू नका. ती बाळाची पहिली लस आहे असं समजा. मध, साखरपाणी, गुटी काही नको.

तिसरं, सहा महिने पुरे झाले की अंगावर पाजत राहून वरचं भरवा. वरणात कुस्करलेला भात किंवा भाकरी, वर तुपाची किंवा तेलाची धार. नुसतं डाळीवरचं पाणी पाजून बाळ वाढत नाही. जुलाब झाले तर जलसंजीवनी सुरू करा, आशाताईकडून जस्ताच्या गोळ्या घ्या, पाजणं बंद करू नका.

आता पुरुषमंडळींशी दोन शब्द

दादा, तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? बहुतेक घरांत सगळ्यांची पानं उठल्यावर सून बसते, आणि कालवण संपलेलं असतं. गरोदर बाईला गोळ्या देणं आमच्या हातात आहे, पण तिचं ताट वेळेवर वाढलं जातं की नाही, हे तुमच्या हातात आहे. उद्यापासून तिला बरोबर जेवायला बसवा. याला पैसा लागत नाही.

अंतर ठेवण्याची जबाबदारीही एकट्या तिची नाही. निरोध आहे. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा पुढे बसवता येणारी तांबी आहे. मुलं पुरी झाली असतील तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. तिनं ताकद जात नाही, नांगर धरता येतो. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायचं. कोणाला काय सोसेल ते उपकेंद्रात विचारून घ्या.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा. १९९४ साली इजिप्तच्या कैरो शहरात लोकसंख्या आणि विकास यांवर जागतिक परिषद झाली. मुलं किती आणि केव्हा, हे सक्तीशिवाय ठरवण्याचा हक्क जोडप्याचा आहे, असं तिथं सगळ्यांनी मांडलं. आम्ही माहिती देऊ, साधन देऊ, पुढच्या तपासणीला बरोबर येऊ. ठरवायचं तुम्ही दोघांनी, आणि दोघांनी म्हणजे तिलाही विचारून.

जगाच्या परिषदा दरवर्षी भरतील, ठराव होतील, कागद छापले जातील. तुमच्या चुलीपर्यंत ते पोचले नाहीत तर त्यांचा उपयोग काय? आज इथून घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. घरातली गरोदर किंवा पाजती बाई आज काय जेवली ते विचारा. धाकट्या बाळाचं वय मोजा आणि पुढच्या अंतराचं दोघं मिळून बोला. आणि इथं न आलेल्या एका शेजारणीला यातलं एक तरी सांगा.

मुक्ताबाईंचा दिवा असाच पुढं जायचा आहे.