डेटाबेस जाणणारे आणि आलेख काढणारे

डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी आलेल्या अर्जांत एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारण्याची भाषा आणि पॉवर बीआय किंवा टॅब्लो ही आलेख काढण्याची साधने हल्ली शेजारीशेजारीच दिसतात. कागदावर पाहिले तर हे जोडकौशल्य मुळीच दुर्मीळ नाही. एकटे एसक्यूएल तर सर्वत्र पसरलेले आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत सुमारे निम्म्या प्रोग्रामरांनी ते वापरत असल्याचे सांगितले. प्रश्न आहे तो खोलीचा.

या दोन विद्या वेगवेगळ्या घरांत वाढल्या. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परसंबंधित टेबलांत ठेवण्याची कल्पना मांडली आणि १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी तिच्यासाठी एसक्यूएलचा पाया घातला. आलेखांची परंपरा मात्र विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ च्या ग्रंथापर्यंत, म्हणजे संख्याशास्त्राकडे जाते. स्टॅनफर्डमधील संशोधनातून २००३ मध्ये टॅब्लो कंपनी निघाली. तिच्या साधनात माउसने रकाना ओढला, की क्वेरी आपोआप तयार होऊ लागली. सोय मोठीच झाली. पण क्वेरी न समजताही आलेख काढता येऊ लागला.

गफलत होते ती इथे. समजा, दोन हजार रुपयांच्या एका ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले. ऑर्डरचे टेबल हप्त्यांच्या टेबलाशी जोडले, की त्या ऑर्डरच्या दोन ओळी होतात आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज चार हजार दाखवते. आलेख देखणाच दिसतो, विक्री मात्र दुप्पट! उलट, इंडेक्स, लॉक, बॅकअप यांत मुरलेला डेटाबेस प्रशासक बारा फाकांचा पाय चार्ट निःशंकपणे काढतो. माणसाला पाय चार्टमधल्या कोनांपेक्षा एकाच मोजपट्टीवरील स्थाने अधिक अचूक जोखता येतात, हे संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलँड आणि मॅगिल यांनी १९८४ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते.

म्हणून साध्या क्वेरी आणि तयार डॅशबोर्ड इतपत जोडी जमणारे उमेदवार पुष्कळ मिळतात. टेबलांची रचना ठरवण्यापासून डी-थ्री या आलेखांच्या प्रोग्रामिंग लायब्ररीत स्वतंत्र आलेख घडवण्यापर्यंत सारे एकहाती करणारे थोडेच. मोठ्या कंपन्यांत ती कामे मुळातच वेगळ्या माणसांकडे असतात. प्रमाणपत्रांवरून हा फरक कळत नाही. मुलाखतीत तीन कच्ची टेबले देऊन एक आलेख मागावा आणि त्यातला एक स्तंभ नेमक्या कोणत्या ओळींतून आला, एवढेच विचारावे.