लस बाळाला मिळाली, आईचं काय?

(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



न्यूमोनिया म्हटलं की आपल्याला तान्हं बाळ आठवतं. पण न्यूमोकोकस नावाचा जंतू मोठ्यांनाही सोडत नाही. म्हातारपण, मधुमेह, जुना दमा, किडनीचा आजार, एचआयव्ही असेल तर तो जास्त जोरात धरतो. फुफ्फुसातून रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो.

आणि चूल? वर्षानुवर्षं लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात बसणाऱ्या बाईची फुफ्फुसं विडी न ओढताही खराब होतात. तिच्या खोकल्याला घरात कोणी आजार म्हणत नाही, 'वय झालं' म्हणतात. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलग्रस्त बहिणी आहेत. या आजारात प्लीहा, म्हणजे पाणथरी, निकामी होत जाते. या जंतूला अडवण्यात तिचाच मोठा वाटा असतो.

यावर लस आहे. तिचे पहिले मोठे प्रयोग १९११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत काळ्या मजुरांवर झाले. १९७० नंतर पुन्हा तिथल्याच खाणमजुरांवर झाले. मग १९७७ साली अमेरिकेत लसीला मान्यता मिळाली. मजुरांच्या दंडावर तपासलेली ही लस आज आपल्या कष्टकरी बाईला परवडत नाही!

सरकारने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बाळांना ही लस मोफत दिली, २०२१ मध्ये ती देशभर सुरू झाली. चांगलंच झालं. पण मोठ्यांसाठी ती राष्ट्रीय लसीकरणात नाही. खाजगीत हजारो रुपये मोजावे लागतात. घरात पैसे निघालेच तरी बाईचा नंबर शेवटी.

म्हणून दोन कामं करू. आपापल्या गटात मधुमेह, जुना खोकला, सिकलसेल असलेल्या बायांची यादी करू. नावं बाहेर फुटणार नाहीत, ही जबाबदारी आपली. कोणती लस, किती वेळा घ्यायची, हे डॉक्टरांकडून समजून घेऊ. दुसरं, निदान जास्त धोका असलेल्यांना ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळावी, असा ठराव ग्रामसभेत मांडू.

एक लक्षात ठेवा. ही लस प्रत्येक न्यूमोनिया रोखत नाही. ताप आला, धाप लागली, तर लस घेतलेली असली तरी स्वयंपाक टाकून दवाखाना गाठायचा.

पुढच्या बैठकीला येताना यादी घेऊन या.