भांडण लावणारे दादा

आजचा विषय, उन्हाळी शिबिरातली भांडणं. गोष्ट अमेरिकेतली आहे.

१९५४, ओक्लाहोमातलं रॉबर्स केव्ह. साधारण अकरा वर्षांची २२ मुलं, दोन गट. शिबिरातले दादालोक म्हणजे खरं तर मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांची माणसं. मुलांना पत्ताच नाही! रस्सीखेच, बेसबॉल, आणि बक्षीस फक्त जिंकणाऱ्या गटाला. झालं! शिवीगाळ, झेंड्याची जाळपोळ, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. मग पाणी बंद पडलं, ट्रक अडला, तेही ठरवूनच. सगळ्यांनी मिळून दोर ओढला, तेव्हा कुठे हळूहळू गट्टी जमली. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला.

मला मात्र आदल्या वर्षीचा, न्यूयॉर्क राज्यातला फसलेला प्रयोग जास्त आवडतो. तिथे गट पाडण्याआधीच मुलांची दोस्ती झाली होती. आळ दुसऱ्या गटावर यावा म्हणून मोठ्यांनीच गुपचूप कपडे पळवले, झेंड्याची दोरी कापली. पण मुलांनी एकमेकांना सरळ विचारलं, विश्वास ठेवला आणि संशय घेतला तो मोठ्यांवरच! वैतागलेले शेरीफ आपल्याच सहकाऱ्यावर हात उगारायला निघाले, असं जीना पेरी ‘द लॉस्ट बॉइज’ या पुस्तकात सांगतात. म्हणजे शेवटी भांडले कोण? मोठेच.

तर मे महिन्यात शिबिरात ताई-दादा म्हणून जाणाऱ्यांनो, मुलं भांडली की ‘सुरुवात कुणी केली?’ हे नंतर विचारा. आधी बघा, भिंतीवर गुणांचा तक्ता कुणी लावलाय.

भेटू पुढच्या भागात!