दफ्तर नसलेल्या काळाचा इतिहास



धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर या सुट्टीत पाहा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत जुनी दफ्तरं धुंडाळत राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले. खानदेशाला इतिहासाचं वेड नवं नाही. पण आज मला बोलायचंय ते ज्या काळाचं दफ्तरच नाही, त्याबद्दल. दोन हजार वर्षांपूर्वी तापीकाठी लोक काय पेरत होते, कोणाशी व्यापार करत होते, हे कोणत्या कागदाला विचारायचं?

हे विचारण्याची रीतच ज्यांनी बदलली ते दामोदर धर्मानंद कोसंबी. ३१ जुलै १९०७ चा जन्म, गोव्यातला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. मुलगा अमेरिकेत हार्वर्डला शिकला आणि गणिती झाला. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवलं, पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. आणि असा हा गणिती माणूस प्राचीन भारताच्या अभ्यासाला वळण देऊन गेला.

ते इतिहासात शिरले कसे, हे नीट ऐका. तक्षशिलेला जमिनीतून चांदीच्या जुन्या नाण्यांचे साठे निघाले होते. त्यातल्या एका साठ्यात हजाराहून जास्त नाणी होती. त्यांवर ना राजाचं नाव, ना साल. नुसते ठसे: सूर्य, प्राणी, डोंगर. आता ही नाणी लावायची कोणत्या क्रमानं? कोसंबींनी वजनाकडे पाहिलं. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं वजन कमी, आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांमधली तफावतही वाढत जाते. हे खरं आहे का, हे तपासायला त्यांनी आधी आपल्याच काळातली, रोजच्या व्यवहारातली नाणी काट्यावर घातली. मग संख्याशास्त्र लावून जुन्या नाण्यांचा क्रम मांडला. नाण्याच्या मागच्या बाजूचे बारीक ठसे जितके जास्त, तितकं वजन कमी, हेही त्यांना दिसलं. म्हणजे व्यापारी मधूनमधून नाणी तपासून त्यांवर खूण करत असणार. एक अक्षर न लिहिलेल्या धातूच्या तुकड्यांनी बाजार कसा चालायचा ते सांगितलं! मला यात फार मोठी गोष्ट दिसते. तोवरचा प्राचीन इतिहास म्हणजे बहुतेक राजांच्या याद्या आणि युद्धं. कोसंबींनी विचारलं, नांगर कधी आला? जंगल कोणी तोडलं? धान्य कोणाच्या कोठारात गेलं? राज्यावर कोण होता, यापेक्षा गावात नांगर होता की नाही, हा प्रश्न त्यांना मोठा वाटे.

१९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक आलं. रोमिला थापर, रामशरण शर्मा यांच्यासारख्या पुढच्या इतिहासकारांनी त्यांचं ऋण मोकळेपणानं मानलं. कोसंबींचे सगळे तर्क टिकले असं मात्र नाही. सिंधू संस्कृतीचे बंधारे आर्यांनी फोडले असावेत, असं त्यांना वाटे. उत्खननांनी त्याला दुजोरा दिला नाही. अनुमान मागे पडलं, पण प्रश्न विचारण्याची ती रीत आजही वापरात आहे.

आणि ही रीत पायांची होती. पुण्याच्या आसपासचे डोंगर ते काठी घेऊन तुडवत. माळावर गारगोटीची बारीक दगडी हत्यारं वेचत. शेतकऱ्याला, धनगराला विचारत: या देवीला बोकड कधी देता? पालखी कोणत्या वाटेनं नेता? ही देवीची ठाणी पुष्कळदा जुन्या वाटा मिळतात तिथेच असतात, हे त्यांनी दाखवलं. कार्ले, जुन्नर इथली बौद्ध लेणी व्यापाराच्या वाटांवर कोरलेली आहेत, आणि दान देणाऱ्यांत राजांइतकेच व्यापारी आणि कारागीर आहेत. लांब कशाला, आपल्या चाळीसगावच्या वरच्या डोंगरातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एका खांबावर पैठणच्या अत्तराच्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे.

आता आपल्या तापीकडे या. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं नारळाची बत्तीस हजार झाडं दान दिली असं त्यात आहे. कोसंबींना त्या नारळांत कोकणपट्टी लागवडीखाली येताना दिसली. त्याच लेखात काही नद्यांवर फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे, आणि त्या नद्यांत आपल्या तापीचं नाव आहे! शहाद्याला जाताना सारंगखेड्याच्या पुलावर एसटी चढली की याची आठवण ठेवा. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो तो नदी ओलांडण्याच्या जागीच का? हा कोसंबींच्या धाटणीचा प्रश्न आहे. पलीकडे प्रकाश्याला, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५४-५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती तिथे थरावर थर निघाली, रंगीत मातीच्या भांड्यांसकट. त्या लोकांच्या जेवणात मिरची नव्हती. ज्या मिरचीच्या पथारींनी आपलं दोंडाईचा लाल होतं, ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आली, जेमतेम पाचशे वर्षांपूर्वी. मग त्याआधी इथल्या कालवणाला तिखटपणा कशाचा होता? घरी आजीला अहिराणीत विचारा, मिरची न घालता कोणकोणते पदार्थ होतात. कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी काय चालतं आणि काय चालत नाही, तेही लिहून घ्या.

गणिताच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. दोघांनी मिळून एक तास घ्यावा. एकाच बनावटीची, वेगवेगळ्या सालांची रुपयाची नाणी मुलांनी गोळा करावीत, सालवार शंभर-शंभर. शाळेचा काटा तेवढा बारीक नसेल तर गावातल्या सराफाला विचारावं, तो नाही म्हणणार नाही. एकेक नाणं तोलायचं, वहीत मांडायचं, सरासरी काढायची, आलेख काढायचा. नव्या धातूची नाणी कमी झिजतात, त्यामुळे फरक दिसलाच नाही तर तेही लिहायचं, आणि का दिसला नाही तेही. कोसंबींची काही पुस्तकं मी शाळेच्या वाचनालयासाठी आणली आहेत. पुढच्या संमेलनात तो आलेख याच मंडपात लावलात, तर मला पाहुणा म्हणून बोलावू नका. मुलं तो समजावून सांगत असतील तिथे ऐकायला मी येईन.