आपली सोसायटी, आपली चावडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून देत आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता, ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’. पण आठवणी सगळ्यांकडेच आहेत. बोअरला पाणी लागलं ती रात्र, लिफ्ट अडकली तो गणेशोत्सव, हे माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे इथे पुष्कळ आहेत. मी आज जरा वेगळं बोलणार आहे. आठवणी आपण ठेवतो कुठे, आणि त्या जागेची किल्ली कोणाकडे असते, हा माझा आजचा विषय.

सुरुवात घरातूनच करतो. सौ. पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. माझ्या सासूबाई गंगापूर तालुक्यातल्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ. शेवटच्या दोन-तीन वर्षांत रोज दुपारी सौ. त्यांना फोन करायच्या, एकेक ओवी उतरवून घ्यायच्या आणि लगेच मोबाइलवरून एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक माध्यमावर टाकायच्या. नाव नाही घेत. जवळजवळ दीडशे ओव्या झाल्या होत्या. लोक वाचायचे, आपल्या आजीची ओवी खाली लिहायचे. वहीत लिहून ठेवा असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, ‘इथं आहेच की सगळं!’

पुढे सासूबाई गेल्या. आणि त्यानंतर चार महिन्यांनी एका सकाळी सौं.चं खातं बंद. ‘नियमांचा भंग झाला आहे’ एवढी एक ओळ. कुठला नियम, कुठल्या ओवीने मोडला, काही नाही. मी अर्ज केले. उत्तर यायचं तेही यंत्राचं. मंडळी, मी अडतीस वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. एखाद्याचं कर्ज नाकारलं तर कारण सांगावं लागायचं, नाहीतर माणूस मॅनेजरच्या केबिनमध्ये येऊन बसायचा. इथे केबिनच नव्हती. काउंटर नाही, मॅनेजर नाही, तक्रारवही नाही. सासूबाई तर गेल्या होत्या, आता परत विचारायचं कोणाला?

हे दुःख आमचं एकट्याचं नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं ऑर्कुटवर खातं होतं. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. आपल्याकडचं ‘कू’ मोठ्या वाजतगाजत आलं, मराठीतही होतं, जुलै २०२४ मध्ये त्यानेही दुकान बंद केलं. ट्विटर तर ऑक्टोबर २०२२ मध्ये एका माणसाने ४४ अब्ज डॉलरला विकत घेतलं, पुढे त्याचं नावसुद्धा बदललं. तिथे रोज बसणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. त्यांचं मत घ्यायची पद्धतच नव्हती.

आपण दौलताबादकर. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. १३२७ साली दिल्लीत बसलेल्या एका सुलतानाच्या मनात आलं आणि राजधानी आपल्या या किल्ल्यापाशी आली. लोकांना बाडबिस्तरा बांधावा लागला. पुढे त्याच्याच मनात आलं आणि राजधानी परत गेली. निर्णय एकाचा, पायपीट सगळ्यांची.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे. तो मला माझ्या नातीने दाखवला. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, ‘आबा, मॅस्टोडॉनवर या.’ मला वाटलं एखादं खेळणं असेल. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीसारखा एक नामशेष प्राणी, आणि त्यांचं चिन्हही हत्तीच. म्हटलं, चला, गणपतीचं नाव घेऊन बघू.

आता हे काय आहे ते माझ्या भाषेत, म्हणजे बँकेच्या भाषेत सांगतो. तुमचं खातं एका बँकेत, भाजीवाल्याचं दुसऱ्या बँकेत. तरी यूपीआयने पैसे जातातच ना? कारण बँका वेगळ्या असल्या तरी आपसातल्या देवाणघेवाणीचे नियम सगळ्यांनी एक मानलेत. पूर्वी क्लिअरिंग हाउसमध्ये चेक जायचे तेव्हाही हेच होतं. मॅस्टोडॉन तसंच. ही एक कंपनी नाही, एक सर्व्हर नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत. कुणी विद्यापीठाने चालवलेला, कुणी दोन मित्रांनी, कुणी एखाद्या संस्थेने. प्रत्येकाचे नियम वेगळे, व्यवस्थापक वेगळे. तुम्ही कोणत्याही एकावर खातं काढा, दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलता येतं. पत्ताही यूपीआयसारखाच, आधी तुमचं नाव आणि पुढे सर्व्हरचं नाव.

या देवाणघेवाणीच्या नियमांना म्हणतात ‘अॅक्टिव्हिटीपब’. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली. मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर ऑयगेन रोश्को या जर्मनीत राहणाऱ्या तरुणाने २०१६ मध्ये आणलं. आपल्याकडे यूपीआय सुरू झालं तेही त्याच वर्षी.

दुसरी गोष्ट, हे सॉफ्टवेअर मुक्त-स्रोत आहे. म्हणजे त्याचा आतला सगळा मजकूर कोणीही उघडून वाचू शकतो, तपासू शकतो, दुरुस्त करू शकतो. याचं महत्त्व काय? देवगिरीला वेढा पडला तेव्हाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामदेवराय किल्ल्यात गेले, वर धान्याची पोती चढवली होती म्हणून सगळे निश्चिंत. ऐन वेळी पोती सोडली तर आत मीठ! पोतं शिवलेलं होतं, कोणी उघडून बघितलं नाही. बंद सॉफ्टवेअर म्हणजे शिवलेलं पोतं. मुक्त-स्रोत म्हणजे तोंड उघडं असलेलं. मला स्वतःला त्यातलं धान्य ओळखता येत नाही, पण माझ्या नातीला येतं, आणि तिच्यासारखे पुष्कळ जण रोज हात घालून बघत असतात.

आता तुम्ही म्हणाल, साहेब एवढी स्तुती करतायत म्हणजे काहीतरी विकायला आलेत. तसं नाही. बँकेत मी काही वर्षं इन्स्पेक्शनला होतो. सवय जात नाही. आपल्या सोसायटीतल्या सात जणांनी मिळून तीन महिने हे वापरून पाहिलं. त्याचा तपासणी अहवाल, चांगला-वाईट दोन्ही, तुमच्यासमोर ठेवतो.

चांगलं आधी. जाहिरात नाही. तुम्ही ज्यांना निवडलं त्यांचंच लेखन, ज्या क्रमाने लिहिलं त्या क्रमाने दिसतं. भांडण पेटवणारी गोष्ट मुद्दाम वर आणून ठेवायला कोणी बसलेलं नाही. लिहायला साधारण पाचशे अक्षरं मिळतात, एक ओवी आणि तिची हकीकत मावते. व्यवस्थापक माणूस असतो. मी आमच्या सर्व्हरवाल्याला एक प्रश्न विचारला, दोन दिवसांनी का होईना, माणसाचं उत्तर आलं. मला तेवढ्यानेच भरून आलं.

आता दोष. एक, खाजगी निरोप तिथे पूर्ण खाजगी नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणलं तर तो वाचू शकतो. तेव्हा निरोप पोस्टकार्ड समजून लिहावा. बँकेचा पिन, आजाराची हकीकत तिथे नको. दोन, सर्व्हर आवडला नाही तर दुसरीकडे जाता येतं, तुमच्यामागचे वाचकही बरोबर येतात, पण जुनं लेखन मागेच राहतं. त्याची प्रत उतरवून घेता येते, ती न विसरता घ्यावी. तीन, लहान सर्व्हर बंदही पडतात. चालवणारा थकतो, पैसे संपतात. २०२२ मध्ये ‘मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी’ हा चांगला चालता सर्व्हर असाच बंद करण्यात आला. म्हणून सर्व्हर निवडताना बघावं की त्याने मॅस्टोडॉनचा करारनामा मान्य केलाय का. त्यात चार गोष्टी येतात. रोजचा बॅकअप, एकापेक्षा जास्त माणसांच्या हाती किल्ली, द्वेष पसरवणाऱ्या मजकुरावर कारवाई, आणि बंद करायचं झालं तर किमान तीन महिन्यांची सूचना. ठेव ठेवण्याआधी आपण बँकेचा ताळेबंद बघतो, तसंच हे.

चौथा दोष सगळ्यात मोठा. तिथे आपली माणसं नाहीत. २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातले पुष्कळ लोक रागाने मॅस्टोडॉनवर गेले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पण बरेचसे काही दिवसांत परतले. रागाने सोडलेलं घर माणूस दोन दिवसांत आठवू लागतो. आमच्या सातांपैकीही चौघे परत गेले. एक म्हणाले, ‘इथं सकाळी सुप्रभात म्हणायलासुद्धा कोणी नाही.’ सभागृहातच बसलेत, ओळखलं असेल!

उरलो तिघं. पण त्या तिघांनी काय केलं ते ऐका. नातीला दिसलं की मॅस्टोडॉनच्या पडद्यावर मराठी निवडलं तरी मध्येच इंग्रजी शब्द येतात. भाषांतर स्वयंसेवक करतात, कोणीही करू शकतं. मग दर रविवारी तिचा फोन यायचा, ‘आबा, याला मराठीत काय म्हणू?’ खालच्या मजल्यावरच्या गुरुजींनी आणि मी मिळून शब्द सुचवायचे. शब्दावरून आम्ही दोघं भांडलो, चहा प्यायलो, परत भांडलो. निवृत्तीनंतर इतकी मजा क्वचित आली.

आणि सौ. पुन्हा ओव्या लिहू लागल्या. दीडशेपैकी त्यांना एकोणीस धड आठवल्या. एक अर्धीच आठवत होती. ती तशी अर्धीच टाकली. पाच-सहा दिवसांनी एका अनोळखी बाईंनी उरलेली ओळ लिहून पाठवली, त्यांच्या आत्याकडून ऐकलेली. सासूबाई म्हणायच्या ती हीच होती की नाही, सांगता येत नाही. सौं.नी ती वहीत उतरवली. हो, आता वहीसुद्धा आहे!

मंडळी, माझ्या मनात मुद्दा वेगळाच आहे. हे सगळं ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटत नाही का? जागा आपली, नियम आपण ठरवलेले, खर्च वर्गणीतून, हिशेब सभेपुढे, एका सभासदाला एक मत. अहो, ही तर सहकारी गृहनिर्माण संस्था! मॅस्टोडॉनवर ‘सोशल डॉट कोऑप’ नावाचा एक सर्व्हर आहे, तो २०१७ पासून सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद वर्गणी देतात आणि निर्णय चर्चेने घेतात. आपल्या देशातही मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या मंडळींनी ‘प्रव’ नावाची संदेशसेवा काढली आणि तिची मालकी बहुराज्य सहकारी संस्थेकडे असावी असा प्रयत्न चालवला. व्यक्ती सभासद असलेली अशी संस्था नोंदवायची तर प्रत्येक संबंधित राज्यातून किमान पन्नास माणसं लागतात. प्रवरेला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. कारखाना शेतकऱ्यांचा असू शकतो, इमारत राहणाऱ्यांची असू शकते, मग गप्पांची चावडी बोलणाऱ्यांची का असू नये?

पंचवीस वर्षांपूर्वी ही इमारत उभी राहत होती तेव्हा ‘बिल्डरकडेच राहू द्या ना देखभाल, आपल्याला कुठे वेळ आहे’ असं म्हणणारे होते. तेव्हाचे सचिव म्हणाले होते, वेळ नसेल तर एक दिवस घरही नसेल. त्यांनी हट्टाने संस्था नोंदवली, पहिली तीन वर्षं स्वतः जिने झाडले. म्हणून आज आपण इथे आहोत.

तेव्हा माझी विनंती फार मोठी नाही. उद्यापासून सगळ्यांनी फोनवरचा नेहमीचा ग्रुप सोडा, असं मी म्हणणार नाही. पाण्याच्या टँकरची सूचना जिथे सगळे वाचतात तिथेच यावी. पण तीन गोष्टी कराव्यात. पहिली, सोसायटीचे फोटो, ठराव, जुनी पत्रकं यांची एक प्रत संस्थेच्या कपाटात आणि एक संगणकावर, दोन सभासदांच्या ताब्यात असावी. दुसरी, आपल्या घरातली कोणतीही मोलाची गोष्ट एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवू नये. आणि तिसरी, आपल्यातल्या दहा जणांनी, पाच तरुण आणि पाच आमच्यासारखे, सहा महिने ही नवी चावडी चालवून पाहावी. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्था नोंदवायलाही दहाच माणसं लागत होती. एकदम शंभर आले तर गर्दी होते आणि पांगते. दहा जण रोज थोडं लिहीत राहिले तर अकरावा आपोआप येतो. आपल्या ज्या लेकी परदेशात आहेत त्यांनाही बोलवा. त्यांना किल्ल्यावरचा पहिला पाऊस बघायचा असतो.

शेवटी सुप्रभातवाल्या मित्रांना सांगतो, परत या. मी रोज सकाळी सहाला तिथे असतो. सुप्रभात म्हणायला निदान एक माणूस नक्की आहे.

 संस्थेला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!