नडगी दुखते तेव्हा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर मुलंमुली धावताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. अंतर फार नाही. पण सवय नसलेले पाय एकदम रोज पळवले, की काही आठवड्यांतच नडगीची आतली कड ठणकू लागते. दम लवकर वाढतो, हाडाला मात्र वेळ लागतो. म्हणून अंतर हळूहळू वाढवा, मधे विश्रांतीचे दिवस ठेवा, जमेल तिथे मातीच्या मैदानावर धावा.

दुखू लागलंच, तर नडगीवरून बोट फिरवून पाहा. वीतभर पट्टा दुखत असेल, तर धावणं थांबवा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं लावा. पण एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तिथे चोळू नका. वेदनेची गोळी खाऊन तर मुळीच धावू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

अर्धा तास चालूनही दुखलं नाही, तरच पुन्हा सुरुवात करा: एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं. आणि मुलांनो, भरती हुकेल या भीतीनं दुखणं लपवू नका. घरी सांगा.